श्रावण, सासूबाई आणि बारोलो: वाइनच्या लेव्हल ३ परीक्षेचा अनुभव

लेव्हल २ होऊन गेली की पुढच्या परीक्षेबद्दल मराठीत काहीच वाचायला मिळत नाही. इंग्रजीत ढिगाने मिळतं, पण ते लिहिणारे लंडनचे नाहीतर सिंगापूरचे. 'जवळच्या दुकानात जा, चार-पाच बारोलो (इटलीतली एक लाल वाइन) शेजारी ठेवून चाखा' असले सल्ले वाचून पुण्यात बसलेल्या माणसाने काय करायचं? नोकरी सांभाळून, घरात सासूबाई असताना, मध्ये अधिक श्रावण आलेला असताना ही परीक्षा कशी पार पडते ते लिहून ठेवतेय. तारखा आणि खर्चासकट.

आधी परीक्षेबद्दल. वाइन अँड स्पिरिट एज्युकेशन ट्रस्ट, म्हणजे डब्ल्यूएसईटी, ही लंडनची संस्था १९६९ सालची. तिच्या लेव्हल १ आणि २ ला नुसते बहुपर्यायी प्रश्न असतात. वाइन समोर ठेवून 'बोला आता' असं म्हणतात ते लेव्हल ३ पासून. थिअरीचा पेपर दोन तासांचा: ५० बहुपर्यायी प्रश्न आणि चार लेखी. चाखायचा पेपर अर्ध्या तासाचा: एक पांढरी, एक लाल, दोन्हींची नावं झाकलेली. दोन्ही पेपरांत स्वतंत्रपणे ५५ टक्के लागतात. एकात नव्वद पडले म्हणून दुसऱ्यातले पन्नास भरून निघत नाहीत. एकूण अभ्यास ८४ तासांचा धरलेला आहे. नोकरी करणाऱ्याने तो आकडा वाचून सोडून द्यावा, त्याहून जास्तच लागतो.

मे २०२३ मध्ये मुंबईच्या एका संस्थेत नाव घातलं. फी ऐंशी हजारांच्या थोडी वर गेली. त्यात पुस्तक, वर्गातल्या सगळ्या वाइन आणि परीक्षा आली. मुंबईला जाणं-येणं आणि घरी सरावाला लागणाऱ्या बाटल्या वेगळ्या. बाटल्यांचा खर्च सहज फीच्या निम्म्यापर्यंत जातो, तो आधीच बाजूला काढून ठेवा.

फॉर्म भरताना बायकांनी एक गोष्ट नीट बघावी. परीक्षेच्या दिवशी ओळखपत्रावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव एकच लागतं, आणि प्रमाणपत्रही त्याच नावाने येतं. माझं आधार सासरच्या नावाचं, पासपोर्ट माहेरच्या. मी पासपोर्टचं नाव दिलं, संस्थेने कुठूनतरी आधारचं उचललं, आणि ते दुरुस्त करून घेण्यात आठवडाभर ईमेल चालू होते. आपल्याकडे मधलं नाव कधी वडिलांचं, कधी नवऱ्याचं, हे परदेशी फॉर्मला कळत नाही. त्यामुळे कुठलं ओळखपत्र नेणार ते ठरवा आणि त्यावरची अक्षरं जशीच्या तशी उतरवा.

दुसरा कागद परवान्याचा. महाराष्ट्रात दारू बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं आणि काढलेला कुणीच नसतो. वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे ऑनलाइन अर्ज होतो: फोटो, ओळखपत्र, वयाचा पुरावा. वर्षाचा परवाना १०० रुपये, आजीवन १,००० रुपये. वर्गात तो कुणी मागितला नाही. पण घरी एका वेळी सहा-सात बाटल्या ठेवायच्या आणि त्या गाडीतून इकडेतिकडे न्यायच्या, म्हणून मी आजीवन काढून टाकला. सासूबाईंना छापील कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला आणि म्हणाल्या, "अगं, हे तर लग्नाच्या सर्टिफिकेटपेक्षा पक्कं दिसतंय."

वर्ग ५ ऑगस्टला सुरू झाले, लागोपाठचे शनिवार-रविवार. शुक्रवारी संध्याकाळी शिवनेरीने पार्ल्याला मावसबहिणीकडे जायचं आणि सकाळी अंधेरीतल्या हॉटेलात पोहोचायचं. पहाटे पुण्याहून निघून दहाचा वर्ग गाठण्याच्या फंदात पडू नका. झोप न झालेल्या माणसाला वास येत नाही.

पहिल्याच दिवशी आमच्या शिक्षिकेने नावं न सांगता दोन लाल वाइन शेजारी-शेजारी ओतल्या. एक झगझगीत जांभळट. दुसरी इतकी फिकट की ग्लासखाली ठेवलेल्या कागदावरची अक्षरं वाचता येत होती, आणि कडेला विटकरी झाक. हात वर करा म्हणाल्या: हलकी कुठली? जवळजवळ सगळ्यांनी फिकट असलेली निवडली. मग चाखल्या. जांभळट असलेली तोंडात आली, लाल फळांचा वास सोडून गेली, मागे काहीच राहिलं नाही. फिकट वाइनने हिरड्या अशा आवळल्या की वरचा ओठ दातांना चिकटला, आणि थुंकल्यावर तोंडात पाणी सुटत राहिलं. पहिली फ्लरी, म्हणजे फ्रान्सच्या बोजोले भागातली गामे द्राक्षाची. दुसरी इटलीच्या प्येमोंतेमधली बारोलो, नेब्बिओलो द्राक्षाची. नेब्बिओलोत रंग कमी आणि टॅनिन (हिरड्या आवळणारा तुरटपणा), आम्लता दोन्ही जबर. नियमाप्रमाणे बारोलो ३८ महिने मुरवल्याशिवाय विकता येत नाही, त्यातले १८ महिने लाकडात. एवढं मुरूनही ती हिरड्या सोडत नाही.

त्या दोन ग्लासांनी माझं काम सोपं केलं. रंगाला रंगापुरतेच मार्क असतात. टॅनिन, आम्लता, अल्कोहोल हे सगळं तोंडात वेगवेगळं मोजायचं, आणि मोजायच्या जागा ठरलेल्या आहेत. आम्लतेसाठी थुंकल्यावर मान किंचित खाली घालायची आणि जिभेच्या कडांना किती पाणी सुटतंय ते बघायचं. टॅनिन हिरड्यांवर, वरच्या ओठाच्या आत जीभ फिरवून. अल्कोहोल घशात, श्वास बाहेर सोडताना. १४ टक्के आणि त्यावर असेल तर जास्त, ११ च्या खाली कमी, मधलं सगळं मध्यम. गोडी जिभेच्या शेंड्यावर, पण लाल वाइनमध्ये तिचा त्रास कमी. युरोपातल्या बहुतेक लाल वाइन कोरड्या, म्हणजे लिटरमागे साधारण ४ ग्रॅमपर्यंतच साखर असलेल्या. फळाचा वास दाट असला की गोड वाटतं ते वेगळं.

टॅनिन आणि आम्लतेत मात्र मध्यमचे परत तीन भाग: मीडियम मायनस, मीडियम, मीडियम प्लस. उत्तरात 'मध्यम ते जास्त' असं लिहायला परवानगी नाही, एक खुंटा धरायचा. हा खुंटा पक्का करायला घरी फुकटात होणारा सराव आहे. टॅनिनसाठी कोरा चहा तीन कपांत करा: एक दोन मिनिटं, एक पाच, एक दहा मिनिटं भिजवलेला. थंड झाले की डोळे मिटून ओळखा. आम्लतेसाठी तसंच लिंबूपाणी, बिनसाखरेचं. नाशिकची शिराझही या कामाला चांगली. टॅनिन मोजण्यापुरता सराव त्यावर स्वस्तात होतो, विदेशी बाटली त्यासाठी फोडू नये.

थुंकणं हा वेगळाच अभ्यास. चारचौघांत टेबलावरच्या उंच पेल्यात थुंकायचं म्हणजे आपल्या सगळ्या संस्कारांच्या विरुद्ध. पण दिवसभरात वीसेक वाइन चाखायच्या तर गिळून चालत नाही. दुपारनंतर सगळ्याच वाइन छान वाटायला लागतात. घरी बेसिनपाशी साध्या पाण्याने सराव करा: गाल आत ओढायचे, ओठ अगदी थोडे उघडायचे, एका झटक्यात सोडायचं. आणि वर्गानंतर दात जांभळे दिसतात म्हणून लगेच ब्रश करू नका. आम्लाने दातांवरचा थर तेव्हा मऊ झालेला असतो. नुसती चूळ भरा, तासाभराने घासा.

वासांची गोष्ट अवघड आहे. अभ्यासक्रमाच्या कार्डावर फळं युरोपची: ब्लॅककरंट, रेडकरंट, रास्पबेरी. मी जूनमध्येच मंडईत जाऊन हिमाचलची चेरी, आलुबुखार, जांभळं आणून ठेवली होती, गोठवलेल्या बेरी सुपरमार्केटमधून. तरी वर्गात फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या, कॅबर्ने सोव्हिन्यों द्राक्षाच्या वाइनला मला करवंद आणि हिरवी मिरची येत होती. शिक्षिका म्हणाल्या, येतंय ते बरोबरच येतंय. पण तुझा पेपर तपासणाऱ्याने करवंद पाहिलेलं नाही, तेव्हा जवळचं काळं फळ लिही आणि मिरचीच्या जागी ढोबळी मिरची लिही. एकदा ही जुळणी वहीत करून ठेवली की परीक्षेत वेळ जात नाही.

फ्रान्सच्या उत्तर ऱ्होन भागातल्या सिरा द्राक्षाच्या वाइनला काळी मिरी येते. तो वास रोटंडोन नावाच्या द्रव्याचा, आपल्या मसाल्याच्या मिरीतही तेच असतं. मजा म्हणजे साधारण पाचातल्या एका माणसाला ते अजिबात जाणवत नाही. आमच्या वर्गात एक हॉटेलवाला मुलगा होता, त्याला त्याच भागातल्या क्रोझ-हर्मिताजमध्ये मिरी काही केल्या येईना, बिचारा घामाघूम. त्याला सांगितलं गेलं की नाकात नाही ते लिहायचं नाही, बाकीच्या गटांतले वास भरपूर लिहून मार्क घे.

वास तीन थरांत शोधायचे. पहिला द्राक्षाचा आणि आंबवण्याचा. दुसरा नंतरच्या प्रक्रियेचा, त्यात लाकूड आलं. तिसरा वयाचा: चामडं, सुकं फळ, ओली माती, बारोलोला डांबर आणि सुकलेला गुलाब. उत्तरपत्रिकेत तीनही थर दिसले पाहिजेत, अर्थात ग्लासात असतील तर. कोवळ्या बोजोलेत चामडं शोधत बसू नका.

घरच्या सरावाला त्या वर्षी अधिक श्रावण आडवा आला. १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक, मग निज श्रावण थेट १५ सप्टेंबरपर्यंत, आणि १९ ला गणपती. पुण्यात आम्ही परीक्षेला बसणारे चौघं दर आठवड्याला जमायचो. त्यातले दोघं श्रावण पाळणारे. थुंकलेली वाइन श्रावणात चालते का यावर बराच खल झाला. एकाच्या आईने चालत नाही असा निकाल दिला, दुसऱ्याने आईला विचारलंच नाही. पहिला मग नुसता वास घेऊन बसायचा. त्याचं नाक शेवटी आमच्या सगळ्यांपेक्षा तयार झालं.

चौघांनी जमण्यामागे हिशोब होता. त्या वर्षी आयात वाइनवर सगळं मिळून १५० टक्के सीमाशुल्क होतं, त्यामुळे बरी म्हणावी अशी युरोपची बाटली तीन हजारांच्या खाली क्वचित. पण चाखायला ५० मिली पुरते, म्हणजे ७५० मिलीच्या बाटलीत १५ नमुने बसतात. आम्ही बोहरी आळीतून १०० मिलीच्या, फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या बाटल्या आणल्या. बाटली फोडली की लगेच काठोकाठ त्यात भरायची, वर हवा राहू द्यायची नाही, फ्रिजमध्ये ठेवायची. चार-पाच दिवस ती चांगली टिकते. मग नवरा त्यातल्या दोन निवडून ग्लासात ओतायचा आणि मी घड्याळ लावून लिहायचे.

पुण्याच्या हवेत लाल वाइन 'खोलीच्या तापमानाला' देऊ नका. ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. आपल्या तीस अंशांत अल्कोहोल नाकात चढतं, फळ दबतं आणि सगळ्याच वाइन जास्त अल्कोहोलच्या वाटतात. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा.

एका रविवारी रिओहा रिझर्वा उघडली होती. स्पेनच्या या वाइनला रिझर्वा म्हणायला तीन वर्षं मुरवावी लागते, त्यातलं किमान एक वर्ष ओकच्या पिंपात, आणि तिथे अमेरिकन ओकची जुनी परंपरा. मी दुसऱ्या थरात व्हॅनिला लिहिलं आणि अडले. सासूबाई टेबलावर मटार सोलत होत्या. त्या पीत नाहीत, पण ग्लास पुढे केला तर वास घेतला आणि क्षणभरही न थांबता म्हणाल्या, "खोबरं. किसलेलं, जरा जुनं." अमेरिकन ओकची खूण तीच, त्यातल्या लॅक्टोनमुळे खोबऱ्याचा वास येतो. तेव्हापासून प्रत्येक ग्लास आधी त्यांच्या नाकाखालून जायला लागला. इटलीच्या क्यांती क्लासिकोला त्यांनी 'आंबट चेरी नाही, आमसूल' असं सांगितलं. आम्लता बघता मला तेही पटलं.

भाचा फ्रँकफर्टहून सुट्टीला आला तेव्हा त्याला दोन बाटल्या आणायला सांगितल्या होत्या. विमानाने येताना माणशी दोन लिटरपर्यंत चालतं. एक जर्मनीची स्पेटबुर्गुंडर, म्हणजे पिनो न्वारच. दुसरी ग्रीसच्या नाऊसाची झिनोमाव्रो. ही दुसरी झाकून दिली तर चौघांपैकी तिघांनी बारोलो म्हटलं: तोच फिकट रंग, तेच टॅनिन, तीच आम्लता. फरक इतकाच की मागे सुकवलेल्या टोमॅटोचा आणि ऑलिव्हचा वास. आणि तरीही, ज्यांनी बारोलो म्हटलं त्यांच्या कागदावरचं बाकी सगळं वर्णन बरोबर होतं. परीक्षेत नाव ओळखायला मार्कच नाहीत, त्यामुळे तिघंही पास झाले असते. सिनेमातल्या सारखं एक घोट घेऊन गाव आणि साल सांगणारी माणसं असतील, या पेपरात त्यांना त्याचे मार्क मिळत नाहीत.

मार्क असतात शेवटच्या निर्णयाला, आणि तिथे जपून राहायचं. दर्जा ठरवायचा: सदोष, हलका, चालण्याजोगा, चांगला, खूप चांगला, असामान्य. आधार चार: तोल, लांबी, तीव्रता, गुंतागुंत. आमच्या शिक्षिकेचा ठोकताळा असा की चारही असतील तर असामान्य, तीन तर खूप चांगली, दोन तर चांगली. नुसता निकाल चालत नाही. 'जास्त आम्लतेला दाट फळ पेलून धरतंय म्हणून तोल आहे' असं प्रत्येकाला कारण द्यावं लागतं. लांबी मोजायला थुंकल्यावर मनात आकडे म्हणा, पण फक्त चांगली चव टिकते तोवरच. हिरड्यांवर मागे राहिलेला टॅनिनचा कडवटपणा लांबीत धरायचा नाही. मग मुरेल का: आम्लता, टॅनिन आणि फळ तिन्ही भरपूर असतील तर मुरेल, टॅनिन एकटं असेल तर नाही. वर्गात कुणी 'मला आवडली' म्हटलं की शिक्षिका विचारायच्या, "चारांपैकी कशामुळे?" मला बोजोले प्यायला जास्त आवडते, बारोलोला मार्क जास्त देते. त्यात काही विसंगत वाटेनासं झालं की तयारी झाली समजा.

सदोष वाइनही एकदा नाकाखालून गेलेली बरी. आमच्या सरावातली एक बोर्दो उघडताच ओल्या पुठ्ठ्याचा वास आला आणि दहा मिनिटांनी तो वाढला, फळ गायब. हा बुचातून येणारा दोष, टीसीए नावाच्या द्रव्याचा. प्यायला अपाय नाही, पण वाइन मेलेली असते. दुकानदाराने बाटली बदलून द्यायला साफ नकार दिला, वर 'मॅडम, रेड वाइनला असाच वास असतो' हेही ऐकवलं. साडेतीन हजार गेले. आम्ही ती आठवडाभर ठेवून सगळ्यांना हुंगायला दिली.

परीक्षा ७ ऑक्टोबरला, शनिवारी. आदल्या दिवशी तिखट खाल्लं नाही, सकाळी चहा लवकर घेतला, सेंट, हँडक्रीम, सुवासिक तेल काही लावलं नाही. फोन बाहेर जमा, ओळखपत्र तपासलं, पेन-पेन्सिल आपली. आमचा चाखायचा पेपर आधी झाला. वासांचं कार्ड आत नेता येत नाही, ते डोक्यातच हवं. मी कागद हातात आल्याबरोबर कच्च्या पानावर सगळी मापं ओळीने लिहून काढली आणि मग ग्लासला हात लावला. एक ओळ राहिली तरी तिचे मार्क फुकट जातात, म्हणून हे जरूर करा.

हात थोडे थरथरत होते, पहिल्या मिनिटाला नाकात काहीच शिरेना. पांढरीवर बारा मिनिटं दिली. लाल वाइन गडद माणकाच्या रंगाची, काळं फळ, लवंग, देवदार, थोडं चामडं यायला लागलेलं. टॅनिन मीडियम प्लस की जास्त यावर दोनदा घोट घेतला आणि जास्त लिहिलं. 'खूप चांगली' असा निकाल, चार ओळींची कारणं, 'आता पिता येईल, पण अजून मुरेल'. दोन मिनिटं उरली होती. ती वाइन कुठली होती ते आजही माहीत नाही.

थिअरीचं फार सांगत नाही. लेखी प्रश्नांत 'का' विचारतात: खडकाळ जमीन, उतार, नदी, यांचा चवीशी संबंध जोडा. नुसती पाठ केलेली गावांची नावं कामाला येत नाहीत.

पेपर तपासायला लंडनला जातात. आठ ते दहा आठवडे लागतील असं सांगितलं होतं, दिवाळी त्यातच गेली. १५ डिसेंबरला संस्थेचा ईमेल आला, दोन्ही विभागांत पास. प्रमाणपत्र नंतर आलं, पासपोर्टवरच्या नावाने.

आता कुणी बसणार असेल आणि पाचच लाल बाटल्या घ्यायची ऐपत असेल तर माझी निवड अशी: बोजोलेतली एखादी क्रू (म्हणजे फ्लरीसारख्या नावाजलेल्या गावाची वाइन), रिओहा रिझर्वा, बोर्दोत नदीच्या डाव्या काठाची साधी कॅबर्नेप्रधान वाइन, क्यांती क्लासिको, आणि बारोलोऐवजी लांघे नेब्बिओलो. द्राक्ष तेच, किंमत बरीच कमी, हिरड्यांवरचा धडा तोच मिळतो. क्रोझ-हर्मिताज पुण्यात मिळवायला फिरावं लागतं, ती परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाच्या दोन लिटरांत बसवा.